बी-मेसॉन आणि विषम ऊर्जेची टक्कर : सीपी सममितीची कसोटी

कणाच्या जागी प्रतिकण घेतला आणि डाव्या-उजव्याची अदलाबदल केली तरी निसर्गनियम बदलत नाहीत, या तत्त्वास ‘सीपी सममिती’ म्हणतात. १९६४ मध्ये क्रोनिन व फिच यांनी के-मेसॉनच्या ऱ्हासात तिचा अल्पसा भंग दाखविला. क्वार्कांचे सहा प्रकार मानल्यास तो स्वाभाविक ठरतो, असे कोबायाशी व मास्कावा यांनी १९७३ मध्ये प्रतिपादन केले. तेव्हा तीनच प्रकार ज्ञात होते. या सिद्धांतानुसार बी-मेसॉनमध्ये हा भंग ठळक दिसावयास हवा होता.

अडचण होती मोजमापाची. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीत १०.५८ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला बी व प्रति-बी यांची जोडी निर्माण होते. एकाच्या विशिष्ट ऱ्हासावरून त्या क्षणी दुसरा कण होता की प्रतिकण, हे कळते. मात्र दोन्ही ऱ्हासांतील कालांतर न मोजता सर्व घटना एकत्र केल्यास अपेक्षित परिणाम शून्य होतो. आणि बी-मेसॉनचे आयुष्य सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या केवळ दीडपट! समान ऊर्जेच्या शलाका वापरल्यास हे कण जवळजवळ जागीच विरतात.

पिएर ओडोने यांनी १९८७ मध्ये सुचविलेला उपाय दिसावयास साधा, पण मर्मग्राही होता : शलाकांच्या ऊर्जाच विषम ठेवाव्यात. स्टॅनफर्ड येथे त्या ९ व ३.१, तर जपानमधील त्सुकुबा येथे ८ व ३.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट होत्या. त्यामुळे जोडी पुढे ढकलली जाते आणि कालांतर सुमारे ०.२ मिलिमीटर अंतराच्या रूपात मोजता येते. २००१ मध्ये दोन्ही प्रयोगांनी भंग सिद्ध केला. त्सुकुबाच्या ‘बेल’ प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता. २००८ मध्ये कोबायाशी व मास्कावा यांना नोबेल पारितोषिक लाभले.

तथापि विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य इतके अधिक का उरले, याचे स्पष्टीकरण देण्यास एवढा भंग अत्यंत अपुरा आहे. ‘बेल-२’ हा उत्तराधिकारी प्रयोग २०१९ पासून याच भंगाचे अन्य स्रोत शोधीत आहे.