कातळ तापवला की वायू काय सांगतो?

मागे जो धडाम् आवाज येतोय ना, तो एडिटिंगमध्ये टाकलेला नाही. मी हेदवीला बामणघळीपासून जरा लांब उभा आहे. भरती आहे. कातळातल्या अरुंद भेगेत लाट शिरली की पाणी कारंज्यासारखं उंच उडतंय.

हा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. दख्खनचे हे लाव्हे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिले असं आपण वाचतो. पण दगडावर तारीख थोडीच कोरलेली असते? मग ती कळते कशी? दगड तापवून, त्यातून निघणारा वायू मोजून!

शाळेत आपण राजवायू शिकलो: हेलियम, निऑन, आर्गॉन वगैरे. हे सहसा कुणाशी संयोग करत नाहीत आणि म्हणूनच इथे कामाला येतात. ऑक्सिजन वाटेत लोखंडाला चिकटून बसेल. आर्गॉन तसं करत नाही. वाट मिळाली की निघाला, नाही मिळाली की अडकला. म्हणजे तो कधी आणि किती निघतो, यावरून दगडाच्या आतली वाट कशी आहे ते कळतं. बामणघळीसारखंच आहे हे. घळीच्या आत आपण उतरत नाही, पण पाणी कसं उडतंय त्यावरून आतली फट कशी असेल याचा अंदाज येतो.

आता घड्याळाकडे येऊ. खडकात थोडं पोटॅशियम-40 असतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे 125 कोटी वर्षं. फुटणाऱ्या दर 100 अणूंपैकी साधारण 11 अणूंचा आर्गॉन होतो. लाव्हा पातळ असताना जुना आर्गॉन उडून जातो, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. थिजल्यावर नवा साठू लागतो.

1966 मध्ये मेरिह्यू आणि टर्नर यांनी ही पद्धत सुधारली. आधी नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करायचा. त्याने काही पोटॅशियमचा आर्गॉन-39 होतो, म्हणजे पोटॅशियमचं मापही वायूतूनच मिळतं. मग निर्वात भट्टीत टप्प्याटप्प्याने तापमान वाढवायचं आणि प्रत्येक टप्प्याचा वायू वेगळा मोजायचा. दख्खनच्या खडकांवर हे काम आपल्या पवईच्या आयआयटीतही झालंय.

टप्पे कशाला? कारण हवापाण्याने कुजलेल्या, भेगाळलेल्या भागातला वायू कमी तापमानालाच सुटतो आणि तो बरेचदा चुकीचं वय दाखवतो. घट्ट स्फटिकातला वायू उशिरा येतो. लागोपाठचे बरेच टप्पे एकच वय सांगू लागले, की त्यावर विश्वास ठेवता येतो.

पण इथे एक गोची आहे. अभ्रकासारखं खनिज निर्वातात तापवलं की त्यातलं पाणी निघतं, रचनाच मोडते आणि आर्गॉन भसकन बाहेर पडतो. मग आलेख नेमकं काय दाखवतोय? खनिजाचा इतिहास, की भट्टीत झालेली मोडतोड? आणि 6 कोटी 60 लाखांत एक टक्का चूक म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त वर्षं. डायनासोर संपले ते लाव्ह्यामुळे की मेक्सिकोत आदळलेल्या लघुग्रहामुळे, हा वाद अशाच फरकांवर चालतो.

आता हीच अडचण उलटी करून बघा. वायू जर मोडतोड दाखवतोच, तर मोडतोड बघायलाच तो वापरला तर? जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान यांनी नेमकं हेच केलं. होय, अणुविखंडनवाले हान. पदार्थात अगदी थोडं थोरियम-228 मिसळायचं. त्यातून पुढे रेडॉन-220 तयार होतो, तोही राजवायूच. अल्फा कण सुटताना बंदुकीसारखा उलटा धक्का बसतो आणि काही अणू थेट बाहेर फेकले जातात. बाकीचे भेगांमधून सरकत येतात. या रेडॉनचा अर्धायुकाल फक्त 56 सेकंद, त्यामुळे पटकन बाहेर आला तरच तो मोजला जातो. पदार्थ तापवत जायचं आणि वायू मोजत राहायचं, बस्स.

कोकणातलंच उदाहरण घेऊ. आपल्या जांभ्यात गोएथाइट नावाचं लोहखनिज असतं. साधारण 300 अंशांच्या आसपास ते पाणी सोडतं आणि त्याचं लाल हेमॅटाइट होतं. पाणी गेलं की बारीक छिद्रं उघडतात आणि रेडॉन वाढतो. आणखी तापवलं की कण एकमेकांत मिसळतात, छिद्रं बुजतात आणि रेडॉन घटतो. वजनकाट्याला पाणी गेल्याचं कळेल, पण छिद्रं बुजताना वजन बदलतच नाही. ते वायू सांगतो.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक कोटी वर्षं जुना खडक’ असं वाचलंत, तर एक प्रश्न नक्की विचारा: वायू कोणत्या टप्प्याला निघाला, आणि तेव्हा दगड शाबूत होता का?

आणि हो, बामणघळ बघायला या, पण भरतीच्या वेळी सेल्फीसाठी कडेला जाऊ नका. कातळ निसरडा असतो. भेटू पुढच्या भागात!