कापसाची धूळ आणि मास्कची फट

शेतात सीतादही होऊन पहिली वेचणी झाली की थोड्याच दिवसांत आपल्या भागातील जिनिंगचे रेचे सुरू होतात. नाचणगाव-पुलगावपासून देवळी, वर्धा, हिंगणघाटपर्यंत कित्येक घरांची चूल या हंगामावर पेटते. कापसाला आपण पांढरे सोने म्हणतो. मात्र सरकी आणि रुई वेगळी होताना जी धूळ उडते, ती रोज आठ-दहा तास छातीत घेणाऱ्या माणसांचा विचार फारसा होत नाही. आजचा लेख त्यांच्यासाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि कारखानदारांसाठीही आहे.

हंगामात दवाखान्यात एक ठरावीक तक्रार ऐकू येते. "डॉक्टरसाहेब, सुट्टी करून कामावर गेलो का पहिल्या दिवशी छाती आवळल्यावानी होते. मंग दोन-तीन दिवसांनी बरं वाटते." मास्क लावता का, असे विचारले की उत्तर येते, "लावतो ना, मालकानं देल्ला हाय." आणि खिशातून मास्क निघतो. दोनपैकी एक पट्टा तुटलेला, नाकावरची धातूची पट्टी नवी होती तशीच सरळ. म्हणजे मास्क आहे, पण तो चेहऱ्यावर कधी नीट बसलेलाच नाही.

सोमवारचा आजार

वर सांगितलेली तक्रार वैद्यकशास्त्राला जुनीच ठाऊक आहे. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ताग-अंबाडीसारखे धागे पिंजणाऱ्यांच्या खोकल्याबद्दल आणि दम्याबद्दल लिहून ठेवले. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळते, हे त्याचे मुख्य लक्षण. या आजाराचे नाव बिसिनोसिस. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी त्याचा अभ्यास केला होता.

कापसाच्या धुळीत नुसते तंतू नसतात. वाळलेली पाने, बोंडाची टरफले, माती, बुरशी आणि जंतूही असतात. या जंतूंपासून निघणारे एन्डोटॉक्सिन नावाचे द्रव्य श्वासनलिकांना सूज आणते. सुरुवातीला त्रास आठवड्यातील एकाच दिवशी होतो. पुढे तो रोज होऊ लागतो. सुरुवातीलाच धूळ टाळली तर फुप्फुसे सावरतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर धाप कायमची मागे लागते. त्यात विडीची भर पडली तर विचारायलाच नको.

सूतगिरण्यांच्या पिंजण विभागात हा आजार सर्वांत जास्त आढळला. पण जिनिंगमध्ये तर कापूस सगळ्या कचऱ्यासकट येतो. तेथील कामगारांनाही खोकला, कफ आणि छाती भरण्याचा त्रास होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४८ च्या कारखाना कायद्याने बिसिनोसिसला सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत स्थान दिले. मात्र त्याच साली झालेल्या कामगार राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत पहिलेच नाव कापूस जिनिंगचे होते. हंगामी कामगाराची छाती गेली की घरचा कर्ता माणूस बसतो आणि औषधांचा खर्च घरावर येतो. म्हणून रोग होऊ न देणे हाच त्याचा खरा विमा.

फट किती महागात पडते?

२०२० च्या कोरोना साथीने एन-९५ हे नाव घरोघरी पोहोचवले. या मास्कचे कापड अतिसूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के अडवते. पण हवा नेहमी सोपी वाट शोधते. समजा, आत येणाऱ्या हवेपैकी दहावा हिस्सा नाकाजवळच्या फटीतून शिरला. मग शंभर कणांपैकी १० कण न गाळताच आत जातात. उरलेल्या ९० पैकी चार-पाच कापडातून जातात. पाचाऐवजी सुमारे पंधरा कण छातीत गेले, म्हणजे तिप्पट धूळ! मास्क तोच, किंमत तीच. फरक फक्त फटीचा.

दुपट्टा, पदर किंवा रुमाल बांधल्याने मोठा कचरा थोडाफार अडतो. बारीक धूळ अडत नाही. दवाखान्यात वापरला जाणारा तीन पदरी निळा मास्कही गालाला चिकटून बसण्यासाठी बनवलेला नसतो. धुळीसाठी मास्क घेताना त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ९४७३ हा क्रमांक पाहावा. त्यात एफएफपी-१, २ आणि ३ असे चढते दर्जे असतात. झडप असलेला मास्क साथीच्या रोगात योग्य नाही, कारण लावणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर जातो. धुळीच्या कामात मात्र तो चालतो आणि श्वास सोडणे सोपे जाते.

फिट टेस्ट म्हणजे काय?

चपलेचे माप घेतो तसे हे मास्कचे माप. अमेरिकेत असे मास्क वापरावे लागणाऱ्या प्रत्येक कामगाराची ही चाचणी कामाआधी आणि नंतर दरवर्षी करणे मालकावर बंधनकारक आहे. साधी पद्धत अशी : कामगाराच्या डोक्यावर पारदर्शक टोपडे घालतात आणि आत सॅकरिनच्या गोड पाण्याचा किंवा एखाद्या कडू द्रावणाचा बारीक फवारा सोडतात. आधी मास्क न लावता चव कळते का, हे पाहतात. मग मास्क लावून पुन्हा फवारा देतात. कामगार साधा श्वास घेतो, दीर्घ श्वास घेतो, मान डावी-उजवीकडे आणि वर-खाली करतो, बोलतो, वाकतो. या वेळात चव लागली तर मास्कला फट आहे, असे समजावे. मग मास्क नीट करून किंवा दुसऱ्या मापाचा घेऊन पुन्हा पाहायचे.

चाचणीआधी पंधरा मिनिटे काही खाऊ नये. तोंडात खर्रा असेल तर चव कळणारच नाही! खर्रा थुंकण्यासाठी दर थोड्या वेळाने मास्क खाली ओढणाऱ्याला तर कोणताच मास्क उपयोगी नाही.

एकच माप सगळ्यांना बसत नाही. आमच्या मायबहिणींचे चेहरे लहान असतात. पुरुषांच्या मापाचा मास्क त्यांच्या हनुवटीखाली उघडा राहतो. दाढीचे, अगदी दोन दिवसांच्या खुंटांचेही, केस मास्कला चिकटू देत नाहीत. वजन बरेच कमी-जास्त झाले किंवा दात काढले, तरी चाचणी पुन्हा करावी.

रोज एक मिनिट

मोठी चाचणी वर्षातून एकदा, पण पुढील तपासणी प्रत्येक वेळी मास्क लावताना करावी.

१) एक पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर, दुसरा मानेवर कानांखाली घ्यावा. दोन्ही पट्टे हवेतच.
२) नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून नाकाच्या आकाराची करावी.
३) मास्कवर दोन्ही हात ठेवून जोरात श्वास घ्यावा; मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. बिनझडपेचा मास्क असेल तर जोरात श्वास सोडूनही पाहावे. डोळ्यांकडे किंवा गालांवर वारा लागला तर फट आहे.
४) ओला झालेला, फाटलेला, पट्टा सैल झालेला किंवा श्वास जड करणारा मास्क बदलावा. असा मास्क धुऊन वापरू नये.

दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. हा मास्क वायू अडवत नाही, हेही विसरू नये. विहिरीत किंवा शौचालयाच्या टाकीत त्याच्या भरवशावर उतरणे जिवावर बेतते. कीटकनाशकाच्या फवारणीलाही तो पुरेसा नाही, कारण विष कातडीतूनही अंगात जाते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले.

कारखानदारांना विनंती

मास्क हा शेवटचा उपाय आहे. आधी धूळ उडण्याच्या जागीच ती ओढून घेणारे पंखे आणि नळ्या हव्यात, यंत्रे झाकलेली हवीत, झाडू मारण्याऐवजी धूळ खेचून घेण्याची सोय हवी. अमेरिकेने १९७८ मध्ये सूत कातण्याच्या विभागात कापसाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम ठरवली. गिरण्यांनी धूळ ओढणारी यंत्रे बसवली आणि तेथे हा आजार झपाट्याने कमी झाला.

त्यानंतर जी धूळ उरेल तिच्यासाठी मास्क. तो दोन-तीन मापांत आणावा, फुकट द्यावा, लावायला शिकवावा आणि हंगामाच्या सुरुवातीला फिट टेस्ट करून घ्यावी. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामाआधी आणि कामानंतर फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारे छोटे यंत्र वापरले, तर आजार लवकर हाती लागतो.

कामगार बंधू-भगिनींनो, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळत असेल तर "धुळीचं काम आहे, एवढं चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात गेल्यावर आपण काय काम करता, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा. औषध त्यावरच ठरते.