संगणकाच्या घरात कोणाकोणाला घ्यायचं?

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शाळेत एखादा जुना संगणक धूळ खात पडला आहे का? असणारच! १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार बंद झाला आणि विंडोज ११ तर बऱ्याच जुन्या यंत्रांवर चढतच नाही. मग काय, संगणक कोपऱ्यात आणि त्याच्यावर जुन्या चादरीचं फडकं! आमच्या वर्गातही असाच एक होता. त्याची ही गोष्ट. त्यात माझी फजितीही आहे, पण ती तुमच्यापासून कशाला लपवू?

आम्ही त्यावर ‘लिनक्स मिंट’ ही कार्यप्रणाली घातली. लिनक्सचा गाभा लिनस टॉरवल्ड्स याने १९९१ साली हौसेखातर लिहायला घेतला. तेव्हा तो फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता, वय अवघं एकवीस! पुढे त्याने तो सगळ्यांसाठी खुला केला. खुला म्हणजे कसा? शेजारच्या काकूंनी नुसती चकली दिली, तर ती खाल्ली की संपली. पण त्यांनी भाजणीचं प्रमाणही लिहून दिलं आणि वर सांगितलं, “तुझ्या चवीप्रमाणे बदल, दुसऱ्यांनाही दे,” तर? अगदी तसंच.

मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, बरं चालायला ४ जीबी. आमच्याकडे बरोबर ४ होती, म्हणून ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घेतली. जुन्या विंडोजमध्ये शाळेचे फोटो होते. ते तसेच ठेवून मिंटला ३० जीबींची छोटीशी खोली दिली.

मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ असतो. ते प्रोग्रॅमचं भांडारच म्हणा ना! हजारो प्रोग्रॅम, आणि बहुतेक सगळे फुकट. जत्रेत सुटलेल्या पोरासारखी माझी गत झाली. चित्रांचे तीन, व्हिडिओचे दोन, बुद्धिबळ, पियानो, गाड्यांच्या शर्यती... एका रात्रीत पंचवीस-तीस प्रोग्रॅम घेतले. दुसऱ्या दिवशी मुलं खूश, मीही खूश.

त्या आठवड्यात आमच्या हस्तलिखितासाठी चौथीतली एक मुलगी आजीची आठवण टाइप करत होती. १९७२च्या दुष्काळाची. आजीने खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. तीन दिवस एकेक अक्षर शोधून मुलीने दोन पानं लिहिली. शेवटी सेव्ह करायला गेली, तर पडद्यावर सूचना : जागा शिल्लक नाही. मी धावत जाऊन बघते तोवर वीज गेली! सगळं गेलं. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जागा खाल्ली कोणी? मीच आणलेल्या पाहुण्यांनी! त्या भांडारात एकाच प्रोग्रॅमच्या कधी कधी दोन पुड्या मिळतात. एक ‘सिस्टिम पॅकेज’. ती घरातली भांडी वापरते. दुसरी ‘फ्लॅटपॅक’. तिची आवृत्ती बहुधा नवी असते, पण ती स्वतःचा चूल-तवा घेऊन येते. पहिल्या फ्लॅटपॅकबरोबर शेकडो एमबींचं सामान आलेलं मी पाहिलंसुद्धा नव्हतं. आता पुडी उचलण्याआधी तिचा आकार वाचते.

दुसऱ्या दिवशी सगळं काढून टाकलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘आपल्याला काय काय करायचं आहे?’ प्रोग्रॅमची नावं नाहीत, फक्त कामं. मुलांनी सांगितलं : मराठीत लिहायचं, चित्र काढायचं, तारे बघायचे, गाणी-व्हिडिओ लावायचे, आवाज टिपायचा. संपली यादी! पाच कामांसाठी मी तीस नोकर ठेवले होते.

लिहिण्यासाठी काही शोधावंच लागलं नाही. ‘लिबरऑफिस’ मिंटबरोबर येतंच. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडायचं. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आठवडाभर बोटं कुरकुरतात, मग पळायला लागतात. एक अडचण मात्र आली. शाळेची जुनी पत्रं उघडली, तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं! ती पत्रं युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये होती आणि तो फाँट इथे नव्हता. तेव्हा पालकहो, जुना संगणक पुसण्याआधी अशा फायली तपासा. जमलं तर युनिकोडमध्ये आणा, नाहीतर निदान पीडीएफ करून ठेवा.

चित्रांसाठी मी हट्टाने ‘गिम्प’ ठेवणार होते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी केलेला आणि १९९६ साली लोकांपुढे आलेला मोठा गुणी प्रोग्रॅम आहे तो! पण चौथीतल्या मुलाला साधं घर काढायला त्यात दहा मिनिटं लागली. एकावर एक थर, शंभर बटणं! आठवी-नववीतल्या ताई-दादांनी तो जरूर शिकावा. आमच्यासाठी २००२ साली आलेला ‘टक्स पेंट’ बरा. मोठी बटणं, गमतीचे आवाज, आणि चित्र कुठे ठेवायचं हे तो विचारतच नाही. स्वतःच जपून ठेवतो.

ताऱ्यांसाठी ‘स्टेलॅरियम’ फार देखणा. आपल्या गावाचं नाव द्या, आज रात्री मृग नक्षत्र कुठे दिसेल ते समोर हजर! पण आमचं यंत्र त्याच्यापुढे धापा टाकू लागलं. त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स लागतात. म्हणून ‘केस्टार्स’ घेतला. तेवढा देखणा नाही, पण चालतो तर!

‘व्हीएलसी’ मला लाडका. १९९६ साली पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून त्याची सुरुवात झाली. रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं त्याचं चिन्ह तुम्ही पाहिलं असेल. मी तो घ्यायला निघाले, तर एक मुलगा म्हणाला, “बाई, सेल्युलॉइड आहे की आधीच! एका कामाला दोघं कशाला?” खरंच, मिंटबरोबर आलेल्या सेल्युलॉइडमध्ये आमचे व्हिडिओ छान चालत होते. मी गप्प बसले.

घरी असं काही करायचं असेल, तर पालकांनी आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघावं. काहीही न पुसता कळतं की आवाज, वायफाय, प्रिंटर चालतात की नाही. प्रोग्रॅम शक्यतो भांडारातूनच घ्या, इंटरनेटवर जिथे दिसेल तिथून नको. शेवटचा बदल कधी झाला तेही बघा. पाच-सहा वर्षांत कोणी हात लावला नसेल, तर दुसरा शोधा. आणि पासवर्ड घरातल्या मोठ्या माणसाकडेच असू द्या बरं का! नाहीतर शर्यतीच्या गाड्या परत यायला वेळ लागत नाही. आमच्याकडे दोनदा आल्या!

राहिलं आवाज टिपण्याचं काम. त्यासाठी ‘ऑडासिटी’ घेतला. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेला. मायक्रोफोन लावला आणि त्या मुलीच्या आजींना शाळेत बोलावलं. म्हटलं, आजी, माझ्या चुकीमुळे तुमची आठवण पुसली गेली, पुन्हा सांगाल का? त्या हसल्या, “त्यात काय, मला पाठ हाय सगळं.”

खडी फोडल्याचं सांगितलं, सुकडीचं सांगितलं. मग पहिल्या वेळी नातीलाही न सांगितलेलं निघालं. दावणीची गाय विकली तो दिवस. तिचं नाव घेतलं आणि आजी थांबल्या. पडद्यावर नाचणारी आवाजाची रेघ सपाट झाली, बराच वेळ तशीच राहिली.

त्या गेल्यावर नातीने ती सपाट रेघ दाखवून विचारलं, “बाई, एवढं कापू का? इथे काहीच नाहीये.”

म्हटलं, “नको गं, राहू दे.” तिने फाइल सेव्ह केली. आधी संगणकावर, मग पेनड्राइव्हवर.