खानदेशांतील न बांधलेल्या भिंती

नंदुरबारच्या आसपास, तसेंच दक्षिणेस साक्री-धुळ्याच्या बाजूस, माळरानावर काळ्या दगडांच्या लांबच लांब रांगा दिसतात. दगडावर दगड इतका नीट बसलेला कीं, ही कोणा जुन्या राजाची तटबंदी असावी असें प्रथमदर्शनीं वाटावें. परंतु या भिंतींस पाथरवटाचा हात कधींच लागलेला नाहीं.

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. ज्वालामुखी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें शंकूसारखा पर्वत येतो. येथें मात्र तो रस बव्हंशीं जमिनीच्या लांब भेगांतून वर आला. कांहीं भेगांत तो तसाच थिजला. पुढें ऊनपावसानें भोंवतालचा खडक झिजवून नेला आणि भेगेंतील अधिक कठीण खडक उघडा पडला. भूशास्त्रज्ञ यास ‘डाइक’ म्हणतात. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत या भागांतील अशा सुमारें २०० भिंतींची नोंद झाली. त्यांपैकीं कांहींची लांबी ५० किलोमीटरांहून अधिक भरली.

मग त्या रचल्यासारख्या कां दिसतात? रस निवतांना आकसतो व त्यास तडे पडतात. हे तडे निवणाऱ्या पृष्ठभागाशीं काटकोनांत आंत शिरतात. आडव्या थरांत त्यामुळें उभे खांब तयार होतात. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे खांब ज्यांनीं पाहिले असतील त्यांनीं ते मनानें आडवे करून पाहावे. उभ्या भेगेंत ते तसेच, वखारींतल्या लांकडांप्रमाणें, एकावर एक पडलेले असतात.

यांतील बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम धांवतात. एखादें जुनेर दोघांनीं दोन टोकांस धरून ओढलें, तर तें ओढीला आडवें फाटतें. येथें भूकवच उत्तर-दक्षिण ताणलें गेलें होतें. गोदावरी व कृष्णा पूर्वेस जात असतां तापी सातपुड्याच्या पायथ्यानें पश्चिमेस कां वळली, याचेंही कारण हाच जुना दुबळा पट्टा. ‘तापी पश्चिमवाहिनी आहे’ हें वाक्य मुलें शाळेंत घोकतात. त्याचा पुरावा मात्र गांवाबाहेर उभा असतो!

हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. अशी अखंड भिंत जमिनीखालचें पाणी बांधाप्रमाणें अडविते. चढाच्या बाजूस खोदलेल्या विहिरीस तेव्हां पाणी लागण्याचा संभव अधिक. उताराच्या बाजूची कोरडी राहण्याचा. भिंतीस तडे गेलेले असल्यास उलट तीच पाणी वाहून नेते. विहिरींत पैसा घालण्यापूर्वीं रांग कोठून गेली आहे, हें जाणत्यास बरोबर घेऊन शिवारांत फिरून पाहावें. खडीसाठीं जेथें ती फोडून नेली असेल तेथें वरची खूण पुसली जाते. खालचा बांध मात्र तसाच राहतो.