मुंढवा : गाव शहरात गेले, वतन कोठे गेले?

मुंढवा आज पुण्याचे उपनगर आहे. एका अंगाला कोरेगाव पार्क, दुसऱ्या अंगाला हडपसर, नदीपलीकडे खराडी. पण हे मूळचे गाव, आणि इतर असंख्य गावांसारखी येथेही महार वतनाची जमीन होती. रात्रंदिवस केलेल्या चाकरीचा तो मोबदला. चाकरी सुटावी आणि जमीन मात्र हाती राहावी, यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ते पुढे त्यांना मागे घ्यावे लागले.

वतने संपली ती १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्याने. जमीन सरकारजमा झाली. आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरणाऱ्या वतनदाराला ती परत मिळणार होती. रक्कम मोठी नव्हती. पण ज्याला नोटीस वाचता येत नाही त्याला मुदत कळणार कशी? ज्यांनी भरली त्यांच्या सातबाऱ्यावर 'नवीन व अविभाज्य शर्त' आली. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा याशिवाय विक्री नाही.

आपले काही तरुण म्हणतात, ही अट काढा. वकील म्हणून मला ते पटत नाही. अट नसती तर शहर येण्याआधीच या जमिनी मातीमोल भावात गेल्या असत्या. आता बिल्डरांची माणसे अटीला वळसा घालतात. घरोघर जाऊन थोडे पैसे हातावर ठेवायचे आणि कुलमुखत्यारपत्रावर सह्या घ्यायच्या!

मुंढव्यातील सुमारे ४० एकरांचे प्रकरण २०२५ साली गाजले. सातबाऱ्यावर 'मुंबई सरकार', तरी वतनदारांच्या कुलमुखत्यारपत्राच्या आधारे मे महिन्यात खरेदीखत झाले. किंमत ३०० कोटी आणि मुद्रांक शुल्क ५०० रुपये! नोव्हेंबरात बोभाटा झाल्यावर चौकशी समिती नेमली गेली, व्यवहार रद्द करण्याची घोषणा झाली. कोणत्या पुढाऱ्याचा मुलगा, यावर रकानेच्या रकाने भरले. मूळ वतनदारांच्या हाती काय पडले, हे विचारणारे मात्र मोजकेच.

बांधवांनो, ज्यांची गावे शहरात गेली आहेत त्यांनी तहसील कार्यालयातून आजोबांच्या नावाचे जुने फेरफार आणि पुनर्प्रदानाचा आदेश यांच्या नकला काढाव्यात. कुलमुखत्यारपत्रावर पूर्वी सही झाली असेल तर त्याचीही नक्कल मिळवावी. नकलेची फी किरकोळ असते. नवा कागद कोणी पुढे केला, तर या नकला वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नका.