पुणे–नागपूर: आकाशातलं अंतर, तिकिटावरची वेळ

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि नागपूरचा सोनेगाव विमानतळ यांच्यात सरळ हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर भरतं. वैमानिकांच्या हिशेबात ते साधारण ३२७ सागरी मैल, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. रस्त्याने हाच प्रवास सातशे किलोमीटरच्या पुढे जातो. रेल्वेला दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा असल्याने तिथे आकडा नऊशेच्या जवळ पोचतो.

हे हवाई अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं असतं. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि त्यांना जोडणाऱ्या सर्वांत लहान कमानीची लांबी काढायची. विमान मात्र या कमानीवरून काटेकोर जात नाही. उड्डाण आणि उतरण्याच्या ठरलेल्या वाटा असतात, धावपट्टीची दिशा पाहून वळावं लागतं. शिवाय लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. तिथलं आकाश लढाऊ विमानांबरोबर वाटून घ्यावं लागतं.

जेट विमान उंचावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास धावतं. त्या वेगाने ६०५ किलोमीटरला पाऊण तासही लागू नये. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो, हे याचं मोठं कारण. दहा हजार फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, इतकाच ठेवतात. उंची गाठण्यात शे-दीडशे किलोमीटर सहज जातात आणि तितक्याच आधीपासून खाली उतरायला सुरुवात होते. दुसरं कारण जमिनीवरचं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि नागपुरात जागेवर उभं राहिलं की संपते. टॅक्सीवेवरची चाल आणि धावपट्टीसाठीची रांग त्यातच मोजली जाते. म्हणून अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही. पुण्याहून दिल्ली साडेअकराशे किलोमीटरवर आहे, पण तिकडे जायला नागपूरपेक्षा पाऊणएक तासच जास्त लागतो.

वाऱ्याचा भागही रंजक आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे वाहतात. ते नागपूरला जाणाऱ्या विमानाला पाठीमागून रेटतात आणि परतणाऱ्याला अडवतात. पावसाळ्यात द्वीपकल्पावर त्या उंचीवर पूर्वेचे वारे येतात आणि फायदा परतीच्या विमानाला मिळतो. वारा ताशी ६० किलोमीटरचा असला तर जाण्यायेण्यात पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो.

घड्याळ मात्र दोन्ही शहरांत एकच. रेखांशात पाच अंशांहून थोडा जास्त फरक असल्याने नागपूरच्या डोक्यावर सूर्य सुमारे वीस मिनिटं आधी येतो. पुण्याहून संध्याकाळच्या विमानाने निघालेल्याला नागपुरात म्हणूनच अंधार अपेक्षेपेक्षा लवकर पडलेला दिसतो.