गळ्याचा आकडा

पुतण्याच्या लग्नातले आमचे एक छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात गेली कित्येक वर्षे लटकत आहे. त्यात आमची मुद्रा प्रसन्न, कोट यथास्थित आणि टायची गाठ शास्त्रोक्त असूनही पाहणाऱ्याची दृष्टी नेमकी जाऊन थबकते ती आमच्या गळ्याशी. कारण नाडी ओढल्यावर पिशवीच्या तोंडाला पडाव्यात तशा चुण्या तेथे शर्टाच्या कॉलरला पडलेल्या असून, त्या पिशवीतून आमची मान एखाद्या वाळक्या देठाप्रमाणे वर आलेली आहे. तो शर्ट आम्ही घाईगर्दीत, अंगात न घालता, त्यावरचा ‘४२’ हा आकडा तेवढा पाहून खरेदी केला होता; आणि घरच्या बुशशर्टावरही ‘४२’ हाच आकडा असल्यामुळे दुकानदारास बोल लावण्यास काही जागा नव्हती.

पुढे या प्रकरणाचा छडा लावता असे निष्पन्न झाले की हे दोन आकडे दिसायला सारखे असले तरी त्यांचे कूळ आणि गोत्र अगदी भिन्न आहे. आपल्याकडे बुशशर्टासारख्या घरगुती वा सहलीच्या शर्टावर जो आकडा असतो तो बहुधा छातीचा, इंचांत मोजलेला. आणि कचेरीत वा समारंभात कोट-टायखाली घालावयाच्या शर्टावर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे जे आकडे येतात ते गळ्याचे, सेंटिमीटरमध्ये मोजलेले. मध्यम बांध्याच्या माणसाची छाती ४० इंच आणि कॉलर ४० सेंटिमीटर असा योग पुष्कळदा जुळून येतो, आणि त्यामुळेच ही गफलत वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. ती उघडी पडते आमच्यासारख्या इसमाच्या बाबतीत, ज्याची मान उतारवयाबरोबर रोडावत गेली आहे आणि छाती मात्र पोटाच्या संगतीने विस्तार पावली आहे. आमचा गळा १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर. आम्ही घेतलेली कॉलर ४२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेसोळा इंच. मधल्या दीड इंचाचा हिशेब त्या छायाचित्रात भिंतीवर टांगलेला आहे.

वास्तविक कपडा अंगाला ‘बसणे’ ही कल्पनाच फारशी प्राचीन नव्हे. आपली बाराबंदी बंदांनी बांधावयाची असल्यामुळे माणूस दोन बोटे जाड झाला काय किंवा बारीक झाला काय, बंद सैल वा आवळ करून तीच बाराबंदी त्याला पुरत असे. आणि तिकडे युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शर्ट म्हणजे सरळ, चौकोनी तुकडे जोडून केलेला, बगलेत एक लहानसा चौकोनी तुकडा घालून हात हलण्यापुरती सवड ठेवलेला, डोक्यावरून चढवावयाचा एक ढगळ जिन्नस होता, जो कोटाखाली झाकलेला असल्यामुळे त्याच्या बेतशीरपणाची चौकशी करण्याचे कोणास कारणही पडत नसे. खांद्याला उतार देऊन आणि मुंढा गोलाईत कापून शर्ट बेतण्याची रीत त्याच शतकात रूढ होत गेली, आणि गळ्यापासून खालपर्यंत संपूर्ण बटणे असलेल्या शर्टाची नोंद लंडनच्या ब्राउन, डेव्हिस आणि कंपनी या पेढीने केली ती १८७१ साली. गोल कात्री आली आणि तिच्याबरोबर मापाची कटकटही आली.

या कटकटीचे मूळ स्थान गळा नसून खांदा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. खांद्याच्या टोकाशी बोटाने दाबून पाहिले असता जे हाड लागते, त्या हाडावर शर्टाची खांद्याची शिवण यावयास हवी. ती दंडावर घसरली तर शर्ट थोरल्या भावाचा उसना आणलेला दिसतो आणि बाहीही तेवढीच लांबते, आणि ती मानेकडे सरकली तर पाठीवर ताण येऊन हात पुढे करणे अवघड होते. ज्यांचे खांदे उतरते असतात त्यांच्या शर्टाला गळ्यापासून बगलेकडे तिरप्या चुण्या पडतात, आणि ज्यांचे खांदे ताठ, चौकोनी असतात त्यांच्या मानेमागे, कॉलरखाली, कापडाची आडवी वळकटी साचते. त्यातही बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्याहून किंचित खाली असतो, हे आमच्या बालपणीचा शिंपी तोंडी न सांगता ओळखी; माप घेताना तो आम्हांस ‘सरळ उभा राहा’ असे कधीही म्हणत नसे, कारण सरळ उभ्या राहिलेल्या मुलाचे माप घेऊन शिवलेला शर्ट एरवी वाकून चालणाऱ्या मुलाला होत नाही, हे त्याला ठाऊक होते.

मुंढ्याविषयी मात्र लोकांचा एक दृढ गैरसमज आहे. मुंढा जितका मोठा आणि खोल तितका हात मोकळा, असे मानून पुष्कळ लोक शिंप्याला ‘बगलेत सैल ठेवा’ अशी ताकीद देतात, आणि परिणाम नेमका उलट होतो. मुंढा खोल असला की बाहीचे मूळ बगलेपासून दूर, खाली बरगडीवर जाते, आणि हात वर केला की बाही आपल्याबरोबर शर्टाची सबंध कूस उचलून घेते. उलट मुंढा बगलेलगत, पण न काचता, बसलेला असला की हात वर जातो आणि धड जागच्या जागी राहते. याची परीक्षा मुंबईकरास शिकवावयास नको. लोकलच्या डब्यात उभे राहून डोक्यावरची कडी धरली असता ज्याच्या शर्टाचा शेव पॅंटीतून बाहेर आला नाही, त्याच्या शर्टाचा मुंढा बरोबर आहे, असे खुशाल समजावे. दुकानातल्या आरशासमोर, हात मांडीशी चिकटवून उभे राहण्यापेक्षा हीच कसरत करून पाहिली तर चार लोक हसतील, हरकत नाही.

बाहीचे शास्त्र त्यामानाने थोडके आहे. हात सहज खाली सोडला असता कफ मनगटाच्या हाडाखाली, अंगठ्याच्या मुळाशी यावा आणि कोटाबाहेर त्याची सुमारे अर्धा इंच पट्टी दिसावी. घड्याळ बांधणाऱ्याने त्या हाताचा कफ पाव इंच सैल ठेवावा. छातीची परीक्षा उभ्याने न करता बसून करावी, कारण बसल्यावर पोटावरच्या दोन बटणांमध्ये कापडाची पापणी उघडून आतला गंजिफ्रॉक डोकावू लागला तर तो शर्ट कितीही तलम असो, आपला नव्हे. छातीच्या मापापेक्षा शर्टाचा घेर एकंदर चार इंच अधिक असला म्हणजे साधारण माणसाला पुरतो.

आता पुन्हा गळा. वरचे बटण लावून कॉलर आणि मान यांमध्ये दोन बोटे सहज जावीत, हा जुना शिरस्ता उत्तम आहे. परंतु तो धुतलेल्या शर्टाला लागू आहे, कोऱ्या शर्टाला नव्हे. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन आटले तर १५ इंचांच्या कॉलरीतून जवळजवळ अर्धा इंच वजा होतो, म्हणजे ती दोन बोटे बाहेर पडतात. यासाठीच जुने शिंपी कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच कात्री लावीत. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन गृहस्थाने कापड गिरणीतच दाबून आधीच आटवून घेण्याची युक्ती काढली आणि १९३० साली तिचे पेटंट घेतले. त्याच्याच नावावरून पडलेला ‘सॅन्फोराइज्ड’ हा शब्द ज्या कापडावर असे ते पुढे शेकडा एकाहून अधिक आटणार नाही अशी हमी असे. हे गृहस्थ ज्या कंपनीत होते तिचा मुख्य धंदा कॉलरींचा आणि शर्टांचा होता, हे सांगितले म्हणजे ही युक्ती त्यांनाच का सुचली याचा उलगडा होतो.

तयार शर्ट सर्वांगी बरोबर मिळणे हा भाग्ययोग असल्यामुळे कोठे तडजोड करावी एवढे मात्र ठाऊक असावे. कूस आत घेणे हे कोपऱ्यावरच्या शिंप्याचे अर्ध्या तासाचे काम. बाही आखूड करणे थोडे खर्चाचे, पण होण्यासारखे. खांदा आणि गळा मात्र एकदा कापला तो कापला, तेथे दुरुस्तीची भाषा करणारा शिंपी एक तर फार मोठा कलावंत असतो किंवा त्याला तूर्त गिऱ्हाइकाची निकड असते. सबब शर्ट खांद्याला आणि गळ्याला घ्यावा, आणि पोटाचे पोटापाशी पाहावे.

परवा एका दुकानात गेलो असता काउंटरवरच्या मुलाने आमच्या देहाकडे एक नजर टाकून ‘काका, बेचाळीस देऊ ना?’ असे विचारले. आम्ही म्हटले, ‘दे, पण बेचाळीस काय ते आधी सांग.’ तो क्षणभर गोंधळला. मग त्याने खोक्यातून शर्ट काढला, टाचण्या उपटल्या, कॉलरखालचा पुठ्ठा सोडवला आणि आतली चिठ्ठी उलटून उजेडाकडे धरली.

‘सेंटिमीटर लिहिलंय की,’ तो स्वतःशीच म्हणाला, आणि मागच्या फळीवरून टेप काढण्यासाठी वळला.